रिकामा बसलेला संगणक बॅटरी कशी खातो: खानापूर पट्ट्यातल्या दूध डेअरीचं एक प्रकरण

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याच्या पश्चिमेला, जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला, पावसाळ्यात एकदा करंट गेला की तो कधी येईल याचा भरवसा नसतो. झाड पडून तार तुटली तर पाऊस उघडेपर्यंत हेस्कॉम या वीज कंपनीच्या लाइनमनलाही खांबावर चढता येत नाही. दूध मात्र सकाळ-संध्याकाळ येतंच. काटा आणि फॅट मशीन संकलनापुरतीच चालतात, म्हणजे दिवसाचे फार तर चार तास. त्यांना जोडलेला संगणक मात्र चोवीस तास चालू असतो. उरलेले वीस तास तो काहीच करत नाही, तरीही बॅटरी उतरत राहते. ती कशामुळे उतरते आणि त्यातली किती वाचवता येते, याची ही मांडणी.

हे प्रकरण कुठल्या एका गावच्या डेअरीचं नाही. या भागात नेहमी आढळणारी जोडणी घेऊन ते उभं केलं आहे. वॅट आणि बॅटरीचे आकडे हिशोबासाठी धरले आहेत. रनटाइमच्या, म्हणजे प्रोग्रॅम चालवणाऱ्या जावा-पायथनच्या, आतला कुठला थ्रेड (प्रोग्रॅममधला कामाचा एकेक धागा) किती वेळानं जागा होतो ते आकडे मात्र ठरलेले आहेत, आणि कोणालाही आपल्या यंत्रावर मोजून पाहता येतील.

जोडणी

सेकंडहँड मिळणारा छोटा ऑफिस संगणक, इंटेलच्या स्कायलेक पिढीचा चार कोरचा प्रोसेसर, ४ जीबी मेमरी, एसएसडी, वर लिनक्स. काटा एफटीडीआय चिपच्या यूएसबी-सिरियल केबलनं जोडलेला, ९६०० बॉडवर, म्हणजे सेकंदाला ९६०० बिटांच्या वेगानं. त्यावर तीन सेवा कायम चालू. पहिली जावामधली, काटा आणि फॅट मशीन वाचणारी. दुसरीही जावामधली, खातेवही आणि पंधरवड्याच्या बिलांची. सेक्रेटरी ती मोबाइलवरूनही बघतात. तिसरी पायथन २.७ मधली, दूध घालणाऱ्यांना लिटर, फॅट आणि रकमेचा एसएमएस पाठवणारी. पायथन २.७ चा आधार १ जानेवारी २०२० ला संपला, पण गावोगावच्या संगणकांवर ते अजून चालू आहे. जावाची आवृत्ती दोन्हीकडे जेडीके १७.

वीज १२ व्होल्ट ४२ अँपिअर-तासांच्या बॅटरीतून, १२ चे १९ व्होल्ट करणाऱ्या डीसी-डीसी कन्व्हर्टरमार्फत. घरगुती इन्व्हर्टर मुद्दाम टाळला आहे. इन्व्हर्टर स्वतः चालू राहायलाच जी वीज खातो तिच्यापुढे संगणकात वाचवलेले दोन वॅट दिसतही नाहीत. कन्व्हर्टर घेताना एक बघायचं: काही कंपन्यांचे संगणक अडॅप्टरच्या मधल्या पिनवरून अडॅप्टर ओळखतात. ओळख पटली नाही तर प्रोसेसरचा वेग कमी ठेवतात, किंवा चालूच होत नाहीत.

बॅटरी ४२ × १२ म्हणजे ५०४ वॅट-तासांची. लेड-ॲसिड बॅटरी टिकवायची तर निम्मीच वापरायची, म्हणजे हाताशी २५२ वॅट-तास. रिकामा संगणक ९ वॅट घेत असेल तर २८ तास. ७ वॅटवर आणला तर ३६ तास. सलग दोन दिवस करंट नसलेल्या आठवड्यात हे आठ तास म्हणजे आणखी एका वेळचं संकलन.

मॉनिटर आधी बंद करायचा, तो एकटाच संगणकापेक्षा जास्त खातो. आणि मधल्या वेळेत संगणक सरळ बंद ठेवता येत असेल तर तोच सगळ्यात चांगला उपाय. इथे तो चालत नाही. मोबाइलला रेंज आली की साठलेले एसएमएस जावे लागतात, आणि खातेवही कधीही उघडता यायला हवी.

टक्के बघून काही कळत नाही

कुठला प्रोग्रॅम प्रोसेसर किती वापरतो ते दाखवणारं ‘टॉप’ हे लिनक्सचं साधन उघडलं की तिन्ही सेवांपुढे ० किंवा फार तर १ टक्का दिसतो. ‘संगणक रिकामाच आहे’ असं म्हणून माणूस तिथेच थांबतो. पण टॉप सांगतो तो प्रोसेसर किती वेळ कामात होता तो आकडा. बॅटरीसाठी प्रश्न वेगळा आहे: प्रोसेसरला किती वेळा उठवलं?

प्रोसेसरला झोपेच्या पायऱ्या असतात. पायरी जितकी खोल, तितकी वीज कमी आणि उठायला वेळ जास्त. लिनक्सच्या इंटेल-आयडल ड्रायव्हरमध्ये स्कायलेकसाठी नोंदलेले आकडे असे: सी६ या पायरीतून बाहेर यायला ८५ मायक्रोसेकंद, आणि तिथे निदान २०० मायक्रोसेकंद थांबलं तरच जाणं परवडतं. त्याहून खोल सी१० मधून बाहेर यायला ८९०, आणि परवडायला निदान ५,००० मायक्रोसेकंद, म्हणजे ५ मिलिसेकंद. गावाकडे रात्रपाळीच्या माणसाला दर पाच मिनिटांनी कुणी हाक मारली तर तो चादर अंगावर घेतच नाही, तसंच इथेही होतं. थोड्याच वेळात परत उठायचं आहे असा अंदाज आला की कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, प्रोसेसरला उथळ पायरीवरच ठेवतो.

यापेक्षा महत्त्वाची गोष्ट पॅकेजची, म्हणजे सगळे कोर मिळून होणाऱ्या आख्ख्या चिपची. चारही कोर एकाच वेळी झोपले तरच आख्ख्या चिपचा सामायिक भाग, म्हणजे कॅश आणि मेमरी कंट्रोलर, खोल झोपेत जाऊ शकतो. खरी बचत तिथे आहे. तीन कोर गाढ झोपलेत आणि चौथा दर १० मिलिसेकंदांनी उठतोय, तर त्या तिघांच्या झोपेचा बराचसा फायदा वाया जातो. म्हणून एखादा फुटकळ थ्रेडही महागात पडतो, मग त्याचं प्रत्यक्ष काम पंचवीस मायक्रोसेकंदांचं का असेना.

आधी तळ मोजायचा

तिन्ही सेवा बंद करा, काट्याची केबल काढा, ब्राउझर बंद करा, मॉनिटर बंद करा. डीसी मीटर बॅटरी आणि कन्व्हर्टर यांच्या मध्ये बसवा, म्हणजे कन्व्हर्टरमधली गळतीही मोजली जाईल. अर्धा तास थांबून वॅट-तासांचा आकडा घ्या आणि त्यावरून सरासरी काढा. क्षणाक्षणाला बदलणाऱ्या आकड्यावर जाऊ नका. भिंतीच्या सॉकेटमध्ये बसणारे स्वस्त मीटर १० वॅटच्या खाली विश्वासाचे नसतात.

मिळालेला आकडा हा तुमचा तळ. थ्रेड कितीही गप्प केले तरी त्याच्या खाली जाता येणार नाही. पॉवरटॉप या साधनाच्या ‘आयडल स्टॅट्स’ पानावर पॅकेज किती टक्के वेळ कुठल्या पायरीवर होतं ते याच वेळी बघून ठेवा. सगळं बंद असूनही पॅकेज सी२-सी३ च्या पुढे जात नसेल तर दोष जावाचा नाही आणि पायथनचाही नाही. बहुतेक वेळा बायोसमध्ये (संगणकाच्या मुळातल्या सेटिंगमध्ये) पॅकेजची पायरी मर्यादित केलेली असते, किंवा एखादं यूएसबी उपकरण जागं ठेवत असतं. ते सोडवल्याशिवाय पुढचं काही करण्यात अर्थ नाही. हा टप्पा गाळून थेट जावाचे पर्याय बदलत बसणारे लोक खूप, आणि मग मीटर हलत नाही म्हणून ‘यात काही दम नाही’ असं म्हणून सोडून देणारेही तेवढेच.

कोण उठतंय ते शोधणं

सेवा एकेक करून चालू करायच्या आणि प्रत्येकीनंतर थ्रेडनिहाय मोजायचं. पिडस्टॅट या मोजणीच्या साधनाला ‘डब्ल्यू’ आणि ‘टी’ हे पर्याय देऊन ६० सेकंदांची एक नोंद घेतली की प्रत्येक थ्रेड सेकंदाला किती वेळा स्वतःहून बाजूला झाला ते दिसतं. थ्रेड उठतो, काम करतो, परत झोपतो, आणि तेवढी एक नोंद वाढते. पिडस्टॅट नसेल तर प्रॉक फाइलसिस्टिममध्ये प्रत्येक प्रोसेसच्या टास्क फोल्डरमध्ये थ्रेडागणिक स्टेटस फाइल असते. तिच्यातला ऐच्छिक काँटेक्स्ट स्विचचा, म्हणजे थ्रेड स्वतःहून बाजूला झाल्याचा, आकडा एका मिनिटाच्या अंतरानं दोनदा वाचा, वजाबाकी करा, ६० नं भागा.

थ्रेडचं नाव लिनक्स १५ अक्षरांवर कापतो. त्यामुळे जावाचा ‘व्हीएम पीरिऑडिक टास्क थ्रेड’ यादीत ‘टास’ पाशी तुटलेला दिसेल. नाव अर्धवट असलं तरी माणूस तोच.

या जोडणीत जे निघतं ते असं. काट्याच्या सेवेतला एक थ्रेड ‘बाइट आले का’ असं विचारतो, १० मिलिसेकंद झोपतो, परत विचारतो: सेकंदाला १०० वेळा. दोन्ही जावा प्रोसेसमध्ये पीरिऑडिक टास्क थ्रेड दर ५० मिलिसेकंदांनी उठतो: प्रत्येकी २०, मिळून ४०. जी१ या कचरासंकलकाचा (नको झालेली मेमरी मोकळी करणाऱ्या भागाचा) सेवा-थ्रेड दर ३०० मिलिसेकंदांनी: दोन्ही मिळून सहा-सात. व्हीएम थ्रेड सेकंदाला एकदा: दोन. कंपायलरचे थ्रेड पाच सेकंदांनी, कॉमन-क्लीनर मिनिटाला एकदा. हे सोडून द्यावेत इतके किरकोळ. पायथनची एसएमएस सेवा सेकंदाला २५. आणि थ्रेडांच्या यादीत न दिसणारी एफटीडीआयची केबल, सुमारे ६२ इंटरप्ट, म्हणजे प्रोसेसरला उठवणारे संकेत.

बेरीज सेकंदाला २३५ जागांच्या (जागा म्हणजे इथे जाग येण्याच्या वेळा) आसपास. एका जागेपासून दुसरीपर्यंत सरासरी सव्वाचार मिलिसेकंद. वर दिलेली सी१० ची ५ मिलिसेकंदांची अट याच्या शेजारी ठेवली की आकडा पुरेसा बोलका आहे.

काट्याचा थ्रेड

सगळ्यात मोठा वाटा रनटाइमचा नाही, सेवा लिहिणाऱ्याचा आहे. सिरियल पोर्टवर बाइट आल्याची बातमी कर्नल स्वतः देतो, त्यासाठी दर १० मिलिसेकंदांनी विचारायची गरजच नाही. जे-सिरियल-कॉम ही लायब्ररी असेल तर वाचनाची पद्धत ‘सेमी-ब्लॉकिंग’ करायची आणि वाचनाची वेळमर्यादा ० द्यायची. मग थ्रेड पहिला बाइट येईपर्यंत कर्नलमध्ये झोपून राहतो. शंभराचे थेट शून्य होतात, आणि वजन उलट लवकर मिळतं.

अडचण काट्याच्या बाजूनं येते. बरेच काटे ‘कंटिन्युअस’ मोडवर असतात. वर कॅन असो वा नसो, ते सेकंदाला कित्येक वेळा वजन पाठवत राहतात. मग ब्लॉकिंग वाचन करूनही थ्रेड उठतच राहील. काट्याच्या सेटिंगमध्ये वजन स्थिर झाल्यावरच, किंवा मागितल्यावरच, पाठवण्याचा मोड असतो, तो लावायचा. तो नसेल तर पोर्ट बंद करण्याचा मार्ग उरतो, आणि केबलमुळे तो तसाही लागणार आहे.

केबल

एफटीडीआय चिपमध्ये लेटन्सी टाइमर असतो, लिनक्सवर नेहमीचा १६ मिलिसेकंद. पोर्ट उघडं असेल तर काट्याकडून काहीही आलेलं नसतानाही चिप तेवढ्या वेळानं दोन बाइटची स्थिती पाठवते. १,००० भागिले १६ म्हणजे हेच ते ६२. सिस-एफएसमध्ये, म्हणजे कर्नलच्या सेटिंगच्या फाइलींमध्ये, यूएसबी-सिरियल उपकरणाच्या फोल्डरमध्ये लेटन्सी-टाइमर नावाची फाइल असते, तिच्यात २५५ पर्यंत आकडा लिहिता येतो. २५५ लिहिलं तर सेकंदाला चारच उरतात, पण एक-दोन बाइटचं छोटं उत्तर पाव सेकंद उशिरा येऊ शकतं. काट्याला ते चालतं. फॅट मशीनची काही मॉडेल मात्र ठरलेल्या वेळेत पोच मिळाली नाही तर परत पाठवतात, आणि नोंद दुबार पडते. म्हणून फॅट मशीनच्या केबलला हा बदल लावण्याआधी दोन-चार नमुने घालून बघायचे.

याहून चांगला उपाय संकलन नसताना पोर्ट बंदच करणं. पोर्ट बंद झालं की यूएसबी उपकरणालाही झोपता येतं. पण ते घड्याळाच्या वेळेवर बांधू नये. पावसात गाडी अडकते, ओढ्याला पाणी असतं, आठला संपणारं संकलन नऊपर्यंत जातं, आणि रांग उभी असताना काटा गप्प झाला तर सेक्रेटरीला ते कोणी समजावून सांगायचं? सेक्रेटरींनी ‘पाळी बंद’ केल्यावर आणि त्यानंतर १५ मिनिटं एकही वजन न आल्यावर पोर्ट बंद करावं. नवी पाळी उघडली की उघडावं.

पायथन २.७ चं पंचवीस

हे रनटाइमच्या आतलं आहे आणि शिकण्यासारखं आहे. एसएमएस सेवा रांगेतून पुढचा निरोप मागते आणि एक सेकंदाची वेळमर्यादा देते. लिहिणाऱ्याच्या मनात सेकंदाला एक जाग आहे. पण पायथन २ मध्ये वेळमर्यादेसह थांबण्याची खरी सोयच नव्हती. आतल्या आत एक लूप होतं: १ मिलिसेकंद झोप, कुलूप (थ्रेडला थांबवून ठेवणारा लॉक) उघडलं का बघ, २ मिलिसेकंद, मग ४, ८, १६, ३२, आणि तिथून पुढे ५० च्या टप्प्यानं. पहिल्या ६३ मिलिसेकंदांत ६ वेळा, उरलेल्या ९३७ मध्ये १९ वेळा. पुढच्या सेकंदाला परत पहिल्यापासून.

वेळमर्यादा लावण्यामागे कारणही होतं. मर्यादा न लावता थांबलं तर मुख्य थ्रेड कुलपात अडकायचा आणि सिग्नल (सेवेला थांबायला सांगणारा संदेश) आला तरी पायथनमध्ये लिहिलेला हँडलर, म्हणजे तो हाताळणारा भाग, चालायचा नाही. कंट्रोल-सी दाबूनही सेवा थांबत नाही म्हणून लोकांनी एक सेकंद घातला, आणि तो पिढ्यान्‌पिढ्या नकलत आला. पायथन ३.२ पासून दोन्ही गोष्टी बदलल्या. वेळमर्यादेचं थांबणं ऑपरेटिंग सिस्टिमच्याच सोयीनं होतं, आणि लिनक्सवर थांबलेल्या कुलपाला सिग्नल उठवू शकतो. म्हणून आधी सेवा पायथन ३ वर न्यायची, २५ चा १ तिथेच होतो. मग वेळमर्यादा काढून टाकायची. पायथन २.७ वर राहून नुसती मर्यादा एकाची साठ केली तरी सेकंदाला २० जागा राहतातच, कारण ५० मिलिसेकंदांचा टप्पा हलत नाही.

जावाचे पार्श्वभूमीचे थ्रेड

पीरिऑडिक टास्क थ्रेड दर ५० मिलिसेकंदांनी उठतो तो कामगिरीचे आकडे गोळा करायला. जेस्टॅट आणि जेपीएस या साधनांना ते लागतात, आणि ते टेंप फोल्डरमधल्या एच-एस-पर्फडेटा नावाच्या छोट्या फाइलमध्ये लिहिले जातात. डेअरीत ते कोणीही वाचत नाही. ‘यूज-पर्फ-डेटा’ हा जावा चालू करतानाचा एक्सएक्स पर्याय अधिकऐवजी उणे चिन्हानं दिला की गोळा करणं थांबतं आणि त्या थ्रेडला उठायचं कारण उरत नाही. मोबदल्यात जेपीएसच्या यादीत ही प्रोसेस दिसणार नाही. प्रोसेस क्रमांक माहीत असेल तर जेसीएमडी हे दुसरं साधन चालतं, म्हणून दुरुस्तीला येणाऱ्याची फारशी अडचण होत नाही.

जी१ हा संकलक मोठ्या मेमरीसाठी आहे. यंत्रात दोन किंवा जास्त कोर आणि साधारण पावणेदोन जीबीहून जास्त मेमरी दिसली की जावा तो आपणहून निवडते. डेअरीच्या सेवेला १२८ एमबी हीप, म्हणजे जावाची कामाची मेमरी, पुरते. तिथे सिरियल संकलक लावला की जी१ चे सगळे मदतनीस थ्रेडच जन्मत नाहीत. बिलाच्या सेवेत मात्र जपायचं. पंधरवड्याची सगळी बिलं एकदम काढताना मेमरी उसळते, आणि १२८ एमबीत ती मावली नाही तर नेमकं बिलाच्या दिवशी सेवा पडते. तिला २५६ द्यावी, आणि मागच्या पंधरवड्याची बिलं परत काढून बघावीत.

व्हीएम थ्रेडची सेकंदाची एक जाग लांबवायलाही पर्याय आहे, पण तो निदानासाठीचे पर्याय उघडल्याशिवाय मिळत नाही. दोन जागांसाठी त्या वाटेला जाऊ नये.

हे पर्याय जावा-टूल-ऑप्शन्स या परिवेश चलात (एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये) घातले की यंत्रावरच्या प्रत्येक जावाला लागतात. सोयीचं आहे, पण दर वेळी जावा एक सूचनेची ओळ एरर आउटपुटवर छापते. खातेवहीचा बॅकअप घेणारी एखादी जुनी स्क्रिप्ट ‘एररमध्ये काहीही आलं म्हणजे बॅकअप फसला’ असं धरत असेल तर रोज रात्री ती उगाच थांबेल. म्हणून पर्याय प्रत्येक सेवेच्या स्वतःच्या आज्ञेतच द्यावेत.

उरलेल्या जागा एकत्र आणणं

आता जागांची बेरीज सेकंदाला चार-पाचावर येते, अधिक कर्नलचं स्वतःचं काम. जे टायमर काढता येत नाहीत त्यांना एकत्र उठवता येतं. लिनक्स साध्या थ्रेडच्या टायमरला ५० मायक्रोसेकंदांची सैल देतो. सेवा चालू-बंद करणाऱ्या सिस्टिम-डीच्या सेवा-फाइलमध्ये ‘टायमर-स्लॅक-एनसेक’ वाढवून २० मिलिसेकंद केली की जवळजवळचे टायमर एकदाच जाग येऊन उरकले जातात. सैल टायमरला उशीरच करते, लवकर कधी उठवत नाही. वजन वाचणारा थ्रेड आता टायमरवर नाही, बाइट आल्यावर उठतो, त्यामुळे त्याला याचा फटका नाही. ब्लॉकिंग वाचन करण्याआधी हे लावलं असतं तर त्याचे १० मिलिसेकंद ३० पर्यंत लांबले असते, म्हणून क्रम पाळायचा.

प्रत्येक बदलानंतर मीटरचा अर्ध्या तासाचा आकडा आणि पॅकेजचे टक्के, दोन्ही लिहून ठेवायचे. जागा कमी झाल्या पण वॅट हलले नाहीत, तर पॅकेजला दुसरं कोणीतरी अडवतंय. बहुधा उघडा राहिलेला ब्राउझर, ज्यात खातेवहीचं पान दर सेकंदाला स्वतःला ताजं करत बसलेलं असतं. वॅट तळाच्या पाव-अर्ध्या वॅट वर आले की थांबायचं.

सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती बसवताना इन्स्टॉलर सेवा-फाइल पुसून आपली नवी लिहितो, आणि वरचे सगळे पर्याय न सांगता जातात. सेवा चालते, बिलं निघतात, कोणाला काही कळत नाही. म्हणून मूळ फाइलला हात न लावता सिस्टिम-डीच्या ‘ड्रॉप-इन’ फोल्डरमध्ये स्वतंत्र फाइल ठेवावी. तिच्यात जुनी एक्झेक-स्टार्टची ओळ आधी रिकामी करून मग नवी द्यावी लागते, नाहीतर दोन आज्ञा झाल्या म्हणून सिस्टिम-डी सेवा सुरूच करत नाही. आणि आवृत्ती बदलली की त्याच दिवशी पिडस्टॅटची एक मिनिटाची नोंद परत घ्यायची. पीरिऑडिक टास्क थ्रेडसमोर पुन्हा २० दिसले, तर नवी आज्ञा ड्रॉप-इनमधून चालत नाही एवढं नक्की.